केबल काढून बघ

२ फेब्रुवारी

दादा,

‘तीर्थरूप’ लिहिलं असतं तर तू पाकिटासकट पत्र केराच्या डब्यात टाकलं असतंस, आणि ‘प्रिय’ वगैरे लिहायची आपल्या घरात पद्धत नाही. म्हणून नुसतं दादा. दीड वर्षानंतर माझं अक्षर बघून तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत. पुढचं एवढं वाच आणि मग हवं तर फेक.

आईच्या श्वासाच्या मशीनबद्दल लिहिते आहे. ती मास्क काढून बसली की दहा मिनिटांनी मशीनचा पडदा काळा होतो, म्हणजे मशीन झोपतं. मास्क पुन्हा लावला की जागं होतं. ही झोप तू बंद करून टाक. पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात दाबलंस की एक यादी येईल, तिच्यात ‘विश्रांती’ असं लिहिलेलं आहे, त्यापुढे ‘नाही’ कर. एवढंच. त्याने बॅटरी जास्त टिकते असं आमच्याकडे लक्षात आलं आहे.

तू माझा नंबर बंद केलास आणि आई फोनला हात लावत नाही, म्हणून कुरिअरने पाठवते आहे. दोन दिवसांत पोचेल असं तो म्हणाला. आईला पत्र दाखवू नकोस, उगाच जिवाला घोर लावून घेईल. तसं काळजीचं काही नाही.

तिच्या पायांची सूज उतरली का, ते कळव. नाही कळवलंस तरी विश्रांती तेवढी बंद कर.

बारकी

६ फेब्रुवारी

दादा,

कुरिअरवाल्याच्या नोंदीत तुझी सही दिसते, म्हणजे पत्र मिळालं. उत्तर नाही. बॅटरीची थाप तू ओळखलीस हे उघड आहे. वीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाला मी सांगते काय, तर मशीन सतत जागं ठेवलं की बॅटरी टिकते. पत्र टाकल्यावर माझी मलाच लाज वाटली.

खरं सांगते. त्या मशीनमध्ये दोष आहे.

मी नक्की काय काम करते हे तू कधी विचारलं नाहीस आणि मीही कधी धड सांगितलं नाही. मशीनच्या आत एक मूळ प्रोग्रॅम असतो, त्याला कर्नेल म्हणतात. आतल्या प्रत्येक कामाला, मग ते पडदा रंगवायचं असो की धोक्याची शिटी वाजवायची, प्रोसेसरवर जागा देणं हे त्याचं काम. मशीनला झोपवणं आणि उठवणं हेही त्याचंच. आमची कंपनी बनवते त्या मशीनपुरतं ते माझ्याकडे आहे. चार वर्षं नीट चाललं होतं. नव्या आवृत्तीत बिघडलंय.

दुसऱ्या एका शहरातून तक्रार आली. एका बाईंनी दुपारी मास्क लावला, मशीन जागं झालं, हवा सुरू झाली, पण पडद्यावरचं घड्याळ जागच्या जागी उभं. अकरा मिनिटं. मशीनमधली नोंद मागवून वाचली. त्या अकरा मिनिटांत त्यांचा मास्क सरकला होता. धोक्याची शिटी तत्क्षणी वाजायला हवी होती. ती वाजली अकरा मिनिटांनी. नशिबाने मुलगा जवळ बसला होता. हवा ढकलणारा पंप वेगळ्या चिपवर चालतो, तो थांबत नाही. पण मास्क सरकला, नळी मुडपली, तर ओरडून कुणाला तरी बोलवायचं काम आमचं आहे.

तुझ्या भाषेत सांगते. एका इमारतीत चार लिफ्ट आहेत आणि खाली एक पॅनेल आहे, ते कुठल्या मजल्यावर कुठली लिफ्ट पाठवायची ते ठरवतं. रात्री चारही बंद केल्या. सकाळी सुरू करताना चौथीची मोटर अजून चालू झालेली नाही, पण पॅनेलवर तिचा दिवा लागला. पॅनेल म्हणतं, चला, चार आहेत. सातव्या मजल्यावरच्या माणसाने बटण दाबलं, त्याची हाक चौथीच्या वाट्याला गेली. बाकीच्या तीन मजेत वरखाली करताहेत आणि हा बापडा उभाच. आमच्या प्रोसेसरचेही असे चार भाग आहेत. झोपेतून उठताना त्यातला एक कधीकधी उठलेला नसतो, पण हजेरी मात्र लागते. मग त्याच्या वाट्याला जे काम येईल ते अडकतं. कधी पडद्याचं अडकतं. कधी शिटीचं.

हे प्रत्येक वेळी होत नाही, पन्नासात एकदोनदा होतं. म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही.

कुठल्या बदलाने हे झालं ते शोधते आहे. आमच्याकडे बदल केला की परवानग्या मिळून घरांपर्यंत पोचायला वर्ष-सव्वा वर्ष जातं, त्यामुळे जुन्या आवृत्तीपासून नव्यापर्यंत दोन हजार बदल साचलेत. सगळे वाचत बसायचं नाही, अर्धे करत जायचं. मधला बदल घ्यायचा, तिथपर्यंतचा प्रोग्रॅम मशीनमध्ये घालायचा, झोपवायचं, उठवायचं. नीट चाललं तर त्यावर ‘चांगला’ असा शेरा मारायचा, म्हणजे दोष पुढच्या निम्म्यात. बिघडलं तर ‘वाईट’, म्हणजे मागच्या निम्म्यात. असं अकरा वेळा केलं की एकच बदल हातात राहतो. आज तीन फेऱ्या झाल्या.

हे कुणालाही सांगायचं नाही असं आमच्या विभागाच्या बाईंनी बजावलंय, आणि मी कागदावर सही केली आहे. खात्री होईपर्यंत लोकांना घाबरवायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र घाबरले आहे. दुपारी दोनला आई मास्क लावून आडवी होते हे मला माहीत आहे, आणि रोज दोन वाजले की मी घड्याळाकडे बघत बसते.

विश्रांती बंद केलीस ना? नुसतं ‘हो’ लिहून पाठव. माझ्याशी अबोला धरायचा तर धर, पण आईच्या मशीनशी नको.

बारकी

१३ फेब्रुवारी

दादा,

सापडलं! आणि तो आमच्या शंकासुराचा बदल निघाला.

शंकासूर म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा. त्याला प्रत्येक गोष्टीची शंका येते, चहात साखर घातली असं सांगितलं तरी ढवळून बघतो. घड्याळाची वेळ राखणाऱ्या भागात त्याने दीड वर्षापूर्वी एक फेरफार केला होता, अकराव्या फेरीत तोच हाती आला. तो काढून टाकला, मशीन दोनशे वेळा झोपवलं आणि उठवलं. दोनशेच्या दोनशे वेळा नीट. तातडीची परवानगी मिळवून नवी आवृत्ती परवा सगळ्या घरांत आपोआप गेली. आईच्याही मशीनमध्ये आली असेल. पडद्याखाली बारीक अक्षरांत शेवटचा आकडा ७ आहे का बघ.

शंकासूर मानायला तयार नाही. म्हणतो, माझा बदल त्या वाटेला जातच नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत चांगला-वाईट असे शेरे आहेत आणि पुढे ओळीने आठ वेळा ‘चांगला’, हे कसं, असं विचारत बसला. मी त्याला सगळ्यांसमोर झापलं. म्हटलं, खापर आपल्या डोक्यावर फुटलं की सगळ्यांनाच शंका येतात. बिचारा आपल्या टेबलाशी परत गेला. आता तुला लिहिताना वाईट वाटतंय, पण तेव्हा मला ते संपवायचं होतं. तीन फेऱ्यांनंतर एवढा वेळ लागायला लागला की मी मशीनला तपासणीची केबलच लावून टाकली. तिच्यातून आत काय चाललंय ते ओळीओळीने माझ्या पडद्यावर येतं आणि झोपवणं-उठवणं आपोआप होतं, समोर बसून मास्क लावा-काढा करावं लागत नाही. नाहीतर अजून आठवडा गेला असता.

तर आता विश्रांती पुन्हा चालू कर. सतत जागं ठेवलं की मशीन तापतं, आणि तापलं की पंखा कुरकुरतो, आईला त्या आवाजाने झोप लागत नसणार. निर्धास्तपणे चालू कर. मी सांगते म्हणून कर.

दहा दिवसांत आज पहिल्यांदा धड जेवले. तू दोन ओळी लिहिल्यास तर फार बरं वाटेल. नको असेल तर नको.

बारकी

१९ फेब्रुवारी
दुपारी दोन वाजून दहा मिनिटं

दादा,

हे पत्र तुला मिळेपर्यंत सगळं होऊन गेलेलं असेल, तरी लिहिते आहे. हात रिकामे ठेवले तर मी वेडी होईन.

सकाळी तुझं पत्र आलं. लिफ्टच्या तपासणीच्या फॉर्ममागे तुझ्या त्या पेन्सिलीने लिहिलेलं. चारच ओळी. पाठ झाल्यात: ‘तू सांगितलंस तशी विश्रांती चालू केली आहे. एक विचारायचं होतं. तपासताना तुम्ही मशीनला काही जोडता का? आमच्याकडे पॅनेलला तपासणीची पेटी लावली की लिफ्ट शहाण्यासारखी वागते. पेटी काढली की परत तेच. तेव्हा केबल काढून बघ.’

खुर्चीतून उठून थेट मशीनपाशी गेले आणि केबल उपटली. मास्क तपासणीसाठी ठेवलेल्या लाकडी डोक्याला लावला, काढला, झोपू दिलं, परत लावला. शंकासूर मागे येऊन उभा राहिला. आठ वेळा नीट जागं झालं. नवव्या वेळी घड्याळ थांबलं. एक वाजून बावन्न मिनिटं, आणि त्यापुढे काही नाही. मी मास्क सरकवला. शिटी वाजली नाही. आम्ही दोघं त्या मशीनकडे बघत उभे होतो आणि ते गप्प होतं.

केबल लावलेली असली की प्रोसेसर पूर्ण झोपतच नाही, केबलशी बोलायला थोडा जागा राहतो. आणि दोष आहे तो गाढ झोपेतून उठतानाचा. म्हणजे माझे ते आठ ‘चांगला’ शेरे खोटे, आणि दोनशे वेळा तपासलेलंही खोटं. शंकासुराच्या बदलाचा काही संबंध नाही. दोष जसाच्या तसा आहे, आणि मी तुला लिहून कळवलं की निर्धास्तपणे विश्रांती चालू कर.

तुला माझ्या फोनवरून लावला, बंद. शंकासुराच्या फोनवरून लावला, तू सेवेच्या बाहेर. कुठल्यातरी इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरला असशील. आईला सांभाळायला येणाऱ्या मावशींचा नंबर माझ्याकडे नाही. आपल्या इमारतीत खाली ज्याचं दुकान आहे त्या शिंप्याचा नंबर होता, बाबांच्या वेळचा. त्याला म्हटलं, वर जा, आईच्या मशीनची विश्रांती बंद करा, नाही जमलं तर तिला नुसतं उठवून बसवा. तो म्हणाला, ‘गिऱ्हाईक आहे, दोन मिनिटांत जातो.’

दोन पंचवीस

शिंप्याचा फोन नाही. मी केला तर तो उचलत नाही. वर गेला असेल आणि फोन खाली शिलाई मशीनवर राहिला असेल, असं शंकासूर म्हणतो. एरवी जगावर संशय घेणारा माणूस आज माझी समजूत काढतो आहे, त्यानेच मला जास्त भीती वाटते आहे.

आई दोनला आडवी होते. आता पंचवीस मिनिटं झाली.

दोन चौतीस

शिंप्याचा फोन आला. तो वर जाऊन आला. दाराला बाहेरून कुलूप आहे. बेल वाजवली, कडी वाजवली, आतून काही आवाज नाही. मावशी आई झोपली की भाजी आणायला जातात म्हणे, कुलूप लावून. ‘झोपल्या असतील हो,’ असं म्हणाला. मी त्याला तिथेच थांबा म्हटलं, कुलूप तोडा म्हटलं. तो म्हणाला, दुसऱ्याच्या घराचं कुलूप मी कसं तोडू?

पुन्हा तुला लावला. सेवेच्या बाहेर.

दादा, मला खूप भीती वाटते आहे. अक्षर लागत नसेल तर

२१ फेब्रुवारी

दादा,

परवाचं अर्धवट पत्र फाडणार होते, पण ते आणि हे एकाच पाकिटात घालते आहे. तुला सगळंच कळू दे.

तीन वाजून पाच मिनिटांनी तुझा फोन आला. दीड वर्षानंतर तुझा आवाज ऐकला. तू म्हणालास, ‘आई झोपली आहे. मास्क जागेवर आहे. मी घरी आहे.’ मी रडायला लागले. मग म्हणालास, ‘परवा घंटा वाजली होती. तुझं मशीन नव्हतं वाजलं. म्हणून मी पत्र टाकलं.’ आणि फोन ठेवलास.

कसली घंटा ते मला संध्याकाळी मावशींकडून कळलं. तुझा फोन लागल्यावर तुला घरी बोलावलं ते शिंप्यानेच, आणि त्यानेच त्यांना माझा नंबर दिला, त्यांनी आपणहून फोन केला. त्या म्हणाल्या, मशीन घरात आलं त्याच दिवशी तू लिफ्टच्या दाराचा एक छोटा स्विच मास्कच्या पट्ट्याला बांधलास, त्याची वायर पलंगाला ठोकलेल्या जुन्या लिफ्टच्या घंटेला जोडलीस. पट्टा ढिला पडला की घंटा ठणठणते. मावशी म्हणाल्या, सोमवारी दुपारी त्या भांडी घासत होत्या, घंटा वाजली म्हणून धावल्या, मास्क गळ्यापाशी आला होता आणि आईचे ओठ निळे पडायला लागले होते. मशीन चूप. त्यांनी मास्क लावला. पाच मिनिटांत आई बोलायला लागली. माझ्या पत्राप्रमाणे विश्रांती चालू करून तेव्हा दोनच दिवस झाले होते. आणि हे सगळं न लिहिता तू मला फक्त विचारलंस, काही जोडता का. तूही काही कमी लपवत नाहीस.

बुधवारी मात्र मावशी घंटा ऐकायला घरात नव्हत्या. कुलूप लावून बाहेर जाणं त्यांनी बंद केलंय असं त्या शपथेवर म्हणाल्या. त्यांना बोलू नकोस. चूक माझी आहे.

माझी म्हणजे किती माझी, ते आता सांगते, नाहीतर माझ्याच्याने परत सांगवणार नाही.

बुधवारी संध्याकाळपासून शोध चौथ्या फेरीपासून पुन्हा केला, केबलशिवाय, झोपेआधीची दहा मिनिटं दहा सेकंदांवर आणून. शंकासूर आणि मी आळीपाळीने लाकडी डोक्याला मास्क लावत बसलो, प्रत्येक फेरीला साठ-साठ वेळा. ज्याला मी झापलं तो माझ्याबरोबर बसला. मी माफी मागितली तर म्हणाला, ‘मला माझीच शंका होती हो, तुमची नव्हती.’ काल दुपारी शेवटचा बदल हाती आला.

प्रत्येक बदलावर तो करणाऱ्याचं नाव आणि वेळ असते. नाव माझं होतं. अकरा ऑगस्ट, संध्याकाळी पाच वाजून चाळीस मिनिटं.

तारीख तुला सांगायला नको. बाबा हॉस्पिटलात होते, चौथा दिवस. तू त्या संध्याकाळी पाच ते सहामध्ये मला तीनदा फोन केला होतास. नंतर मी तुला सांगितलं की माझ्या फोनची बॅटरी संपली होती. फोन टेबलावर होता, दादा. पहिल्यांदा तुझं नाव दिसलं आणि मी तो पालथा घातला. पुढच्या दोन्ही वेळा तो लाकडावर थरथरलेला मी ऐकला. मशीनला झोपेतून उठायला चार सेकंद लागायची, मी ती एकावर आणत होते. प्रोसेसरचे भाग एकामागोमाग एक उठवण्याऐवजी एकदम उठवायचे. सगळे वाखाणत होते. मला वाटलं, एवढं संपवून फोन करते. नोंदवून, तपासून संपलं सातला. तोवर बाबा गेले होते.

त्यांनी माझ्याबद्दल विचारलं होतं का, ते तू कधी सांगितलं नाहीस आणि मी विचारायची छाती केली नाही.

त्या एकदम उठवण्यातच चौथ्याची हजेरी आधी लागायला लागली. त्या संध्याकाळी मी जे केलं, तेच सोमवारी आईच्या उशाशी गप्प बसलं होतं. तिसऱ्या फेरीनंतर उरलेल्या बदलांच्या तारखा मी पाहिल्या होत्या. जून ते ऑगस्ट. तेव्हाच मी ती यादी घाईने मिटून टाकली होती. केबल लावली ती वेळ वाचवायला, असं मी तुला लिहिलं. आता मला ते तेवढं खरं वाटत नाही. मला ते लवकर दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर जायला हवं होतं.

एकच करता आलं. बाईंना सगळं सांगितलं आणि घरोघरी आत्ताच कळवायला हवं म्हटलं. त्या म्हणाल्या, सोमवारी वरच्या लोकांशी बोलून ठरवू. मी म्हटलं, सोमवारपर्यंत चार दुपारी जातील. मग मी तीनशे बारा घरांची यादी छापली आणि टेबलावरच्या फोनवरून फोन लावायला लागले. नोकरी गेली तर गेली. शंकासुराने यादीचं दुसरं पान ओढून घेतलं. अर्ध्या तासाने बाई आपल्या खोलीतून आल्या, मला वाटलं आता फोन हिसकावून घेतात. त्यांनी तिसरं पान उचललं आणि शेजारी बसल्या. आज संध्याकाळपर्यंत तीनशे अकरा घरी विश्रांती बंद झाली. एका घरी कुणी फोन उचलत नाही. तिथे दर अर्ध्या तासाने लावते आहे.

दुरुस्ती झाली आहे. सोपी होती, प्रत्येकाने स्वतःची मोटर चालू झाल्याचं सांगितल्याशिवाय पॅनेलवर त्याचा दिवा लावायचा नाही. दुरुस्तीच्या नोंदीत दोन ओळी लिहाव्याच लागतात: कुणाच्या बदलाने बिघडलं आणि कुणी कळवलं. पहिली लिहिली. दुसरीत काय लिहू?

सोमवारी सकाळी येते आहे. नवी आवृत्ती आईच्या मशीनमध्ये मी स्वतः घालणार. तू दार उघडणार नसशील तर किल्ली शिंप्याकडे ठेव.

बारकी

२४ फेब्रुवारी
दुपारी

दादा,

किल्ली शिंप्याकडे होती. त्याने ती देताना माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की मी कुलूप तोडायला आले आहे की काय.

तू कामावर गेला होतास. मुद्दाम की खरंच, ते मी मावशींना विचारलं नाही. आई पलंगावर बसली होती. मला बघून म्हणाली, ‘केस किती पांढरे झाले तुझे,’ आणि माझा हात धरून ठेवला. तिला गेल्या सोमवारचं काही नीट आठवत नाही. मास्क सरकला होता एवढं आठवतं, आणि घंटेच्या आवाजाने दचकले, मेल्याने केवढी मोठी घंटा लावली आहे, असं म्हणाली. तुला मेला म्हणाली, हे मी लिहिणारच होते.

तिला बाबांचं विचारलं. तुला विचारायची छाती नव्हती म्हणून तिला. ती म्हणाली, बाबा शेवटच्या दिवशी कुणाला ओळखतच नव्हते, दादालाही नाही. तू तीन फोन केलेस ते तुला एकट्याला भीती वाटत होती म्हणून. हे ऐकून मला हलकं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही. दीड वर्ष मला वाटत होतं की मी बाबांचा फोन उचलला नाही. बुधवारी दोन वाजता मीही तुला असेच फोन लावत होते, तेव्हा कळलं तू तिथे कसा उभा असशील.

नवी आवृत्ती घातली. तपासणीची केबल बॅगेत आहे, बाहेरही काढलेली नाही. सकाळी झोपेआधीची दहा मिनिटं तशीच दहा सेकंदांवर आणून, मावशींच्या डोक्याला मास्क लावून मशीन चाळीस वेळा झोपवलं आणि उठवलं, त्या हसून हसून बेजार झाल्या. चाळीसही वेळा घड्याळ चाललं, मास्क सरकवला की शिटी वाजली. ऑफिसात शंकासूर आजही लाकडी डोक्यापाशी बसला आहे, त्याचे हजार झाले. ते शेवटचं घरही लागलं. त्या बाई मशीन घेऊन लेकीकडे राहायला गेल्या होत्या, बऱ्या आहेत.

‘कुणी कळवलं’ ती ओळ अजून रिकामी आहे. तुझं नाव घालायचं तर तुझी परवानगी लागते, तसा नियम आहे. एकदा लिहिलं की ते कधी खोडता येत नाही, माझ्या नावासारखंच कायम राहतं, दोन्ही एकाखाली एक.

दोनला आई आडवी झाली. मावशींना मी घरी पाठवलं. पलंगाशेजारच्या तुझ्या खुर्चीवर बसून हे लिहिते आहे. मशीनने मास्क ओळखला, जागं झालं, घड्याळ चालू आहे. तरी दर ओळीनंतर मी मान वर करून बघते आहे. सगळं आतून बाहेरून मला माहीत आहे, दुरुस्ती मी केली आहे, हजार वेळा तपासली आहे, आणि तरी मान वर होतेच. तुझी घंटा मी काढलेली नाही. वायर एका ठिकाणी सुटायला आली होती ती घट्ट करून ठेवली.

लिफ्टचा आवाज येतो आहे. तिसरा मजला गेला असेल. तूच असशील, या वेळी दुसरं कोण येणार. मला धड सांगता येणार नाही म्हणून हे पत्र मशीनखाली ठेवते आहे, पेन्सिल त्यावर. पत्राच्या पाठीमागे ‘कुणी कळवलं’ एवढं लिहून पुढे जागा सोडली आहे, काय लिहायचं ते तिथे लिही. मी उठून दार उघडायला येत नाही, आईला झोप लागली आहे आणि मला तिच्यावरून नजर काढायची नाही. तुझ्याकडे किल्ली आहे.

बारकी